राहूचें बेट आणि उभयचर विमान

दौंड तालुक्यांतील राहू हें गांव पाहण्याचा योग गेल्या मार्गशीर्षांत आला. नांव पापग्रहाचें, भूमि मात्र अन्नपूर्णेची. दक्षिणेस मुळा-मुठा, उत्तरेस भीमा, आणि मध्यें उंसाचे मळे. भीमेपलीकडे शिरूर तालुका लागतो. चारहि बाजूंस पाणी नसतांना या पट्टीस लोक ‘राहू बेट’ म्हणतात. लोकव्यवहारापुढें आमच्यासारख्या जुन्या मास्तरांनीं शब्दार्थाचा वाद घालूं नये. गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा वास येत होता. वाळकीच्या संगमावर पाण्याचा रुंद पट पाहून बरोबरच्या एका तरुण गृहस्थांनीं विचारलें, “गुरुजी, पाण्यावर उतरणारें विमान इथें उतरेल काय?” प्रश्न थट्टेचा होता, पण आम्हांस तो थट्टेवारी नेववेना.

अशा विमानांत दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन ‘कॅटलिना’ अग्रगण्य. त्याचें पोट नावेसारखें. पंखांखालीं दोन तरंगे, आणि उड्डाणानंतर ते वर उचलले गेले कीं पंखांचींच टोकें बनत. पुढें एका प्रकारास चाकेंहि दिलीं, म्हणजे तें खरोखर उभयचर झालें. पाणबुड्यांचा माग काढणें व बुडत्या खलाशांस उचलून आणणें हीं त्याचीं मुख्य कामें. सिंहलद्वीपाहून व मद्रासजवळील रेड हिल्स तलावावरून कॅटलिना विमानें हिंदी महासागरावर पहारा करीत.

१९४५ सालीं युद्ध संपलें आणि या यंत्रांचें करावें काय, हा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनें युद्धकाळांत पर्थहून सिंहलद्वीपापर्यंत न थांबतां कॅटलिना चालविलीं होतीं. एका खेपेस सत्तावीस ते तेहतीस तास लागत, म्हणजे प्रवाशास वाटेंत दोन सूर्योदय दिसत. तीं विमानें अमेरिकेच्या उसनवारीच्या करारांतलीं; त्या कराराच्या शर्तींमुळें तीं समुद्रांत बुडविण्यांत आलीं! धडधाकट यंत्रास अशी जलसमाधि देणें आमच्या काटकसरी मनास कांहीं केल्या पटत नाहीं.

इतर कित्येकांचें दैव बरें होतें. कॅनडांत तीं वणवे विझवूं लागलीं. सरोवराच्या पृष्ठावरून वेगानें जातां जातां पोटांत पाणी भरून घ्यावयाचें व जळत्या रानावर सोडावयाचें. मकाव ते हाँगकाँग या मार्गावर तीं उतारू नेत. तेथेंच १६ जुलै १९४८ रोजीं लुटारूंनीं एक कॅटलिना हवेंत ताब्यांत घेण्याचा यत्न केला, तें समुद्रांत कोसळलें आणि पंचवीस माणसें गेलीं. उतारूंचें विमान पळविण्याच्या प्रकारांत हा अगदीं आरंभींचा गणला जातो.

आपल्याकडे युद्धांत उरलेल्या विमानांपैकीं नागरी कामीं आलीं तीं डाकोटा. १९४९ पासून नागपुरास मध्यरात्रीं जमून तीं चारी दिशांची टपाल बदलून घेत. तीं जमिनीवरचीं. आमच्या जिल्ह्यांत पाण्यावर उतारू विमान उतरण्यास ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. मुंबईच्या जुहूहून निघून तें पवना धरणाच्या जलाशयावर उतरलें. तें युद्धांतलें नव्हे, लहानसें नवें सेस्ना होतें. सेवा फार काळ टिकली नाहीं.

पण याच पवनेचें पाणी खालीं मुळेस मिळतें, मुळा मुठेस मिळते, आणि तेंच राहूच्या दारावरून वाहतें! मात्र वाटेंत पुणें शहराचें सांडपाणी त्यांत पडलेलें असतें. त्या गृहस्थांस आम्हीं समजावून सांगितलें, कीं असल्या विमानास पाणी नुसतें रुंद असून भागत नाहीं. तें लांबवर सरळ, पुरेसें खोल व तरंगत्या वस्तूंपासून मोकळें हवें. एखादा ओंडका पोटास लागला तरी घात. वरच्या अंगास विमान झेलणारें हेंच पाणी येथें येईतों काळवंडतें आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा थर बसतो. दुरून पाहणारास तें कुरण वाटावें. त्या थरांतून साधी होडी वल्हवणेंहि जिकिरीचें होतें.

पावसाळ्यांत पूर आला म्हणजे हा थर तुटतो व भीमेंतून उजनीच्या जलाशयाकडे वाहत जातो. तिकडे भिगवणजवळ हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. तेथेंहि एकदां जाऊन यावें, असा त्या गृहस्थांचा आग्रह आहे.