डंडर मिफ्लिनची दिवाळी

नवी विनोदी मालिका सुरू झाली, की आमच्या घरात दोन तट पडतात. पहिल्या भागात हसू आलं नाही, तर मुलगी तिथल्या तिथे बंद करून दुसरं काहीतरी लावते. मी चिवट. सहाव्या-सातव्या भागापर्यंत जाते, कधी पुढच्या सीझनचीही वाट बघते. हा चिवटपणा माझ्यात एका मालिकेने आणला. तिचं नाव 'द ऑफिस'.

२००५ च्या मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो. ओक ट्री रोडवरून आणलेली मेथीची जुडी निवडत टीव्हीसमोर बसायचं, हा माझा संध्याकाळचा क्रम. गुरुवारची रात्र एनबीसीची हक्काची. पण 'साइनफेल्ड' १९९८ मध्येच संपली होती आणि 'फ्रेंड्स' आदल्या मे महिन्यात. गुरुवार ओका ओका झाला होता. त्या रिकाम्या जागेत २४ मार्चला 'द ऑफिस' आली. पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन गाव, तिथे कागद विकणाऱ्या डंडर मिफ्लिन कंपनीची एक शाखा, आणि तिच्यावर माहितीपट काढायला आलेला एक कॅमेरा. मागे हसण्याचे आवाज नाहीत, संगीत नाही. पात्रं मधूनच कॅमेऱ्याकडे बघून मनातलं बोलतात.

मूळ मालिका ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी ती २००१ मध्ये बीबीसीवर आणली. तिचा जीव छोटा, सहा-सहा भागांच्या दोन मालिका आणि नाताळचे विशेष भाग. अमेरिकन अवतार ग्रेग डॅनियल्स यांनी घडवला. पण पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेवरूनच उचललेला होता. स्टीव्ह कॅरेलसारखा नट, पण बोलतो दुसऱ्याची वाक्यं. केस चापून मागे बसवलेले, नजर लबाड, दुसऱ्याला अपमानित करून स्वतःच हसणारा साहेब. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायल्यासारखं सगळं. पहिला भाग १ कोटी १२ लाख लोकांनी पाहिला. पुढच्या आठवड्यात मालिका मंगळवारवर गेली आणि प्रेक्षक निम्म्यावर आले. सहा भागांत पहिला सीझन आटोपला.

आमच्या मजल्यावर नागपूरकडची एक मैत्रीण राहायची. ती तिथल्या एका विमा कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "अगं, दिवसभर असाच साहेब बघते मी. रात्री पुन्हा कशाला?" तिचं बरोबर होतं. विनोदी मालिकेतली माणसं दर आठवड्याला घरात येतात, जेवायच्या वेळी येतात. ती नकोशी असली तर दार कोण उघडेल? मूळ ब्रिटिश साहेब, डेव्हिड ब्रेंट, बारा भागांपुरता सोसवतो. तेवढ्यात त्याची शोकांतिका पुरी होते. अमेरिकेत वर्षाला बावीस भाग. बावीस आठवडे कडू साहेब कुणाला पचणार?

तरी त्या सहा भागांतला दुसरा मी विसरले नव्हते. कंपनीत वेगवेगळ्या वंशांच्या लोकांशी नीट वागायचं शिक्षण देण्याचा कार्यक्रम असतो. साहेब मायकेल स्कॉट तो आपल्या हातात घेतो आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकेका वंशाचं कार्ड चिकटवतो. शेवटी केली कपूर नावाची एक शांत भारतीय मुलगी आत येते. तिच्यासमोर तो दुकानदारी इंग्रजीची नक्कल सुरू करतो. हेल काढून, मान डोलावत. ती त्याच्या कानाखाली लगावते. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर भारतीय माणूस म्हणजे बहुधा दुकानाचा गल्ला सांभाळणारा किंवा टॅक्सी चालवणारा. आम्ही ते मुकाट्याने बघायचो. त्या रात्री माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

ती केली साकारणारी मिंडी कॅलिंग नुसती नटी नव्हती, मालिकेची लेखिकाही होती. आई बंगाली, वडील तमिळ, ती स्वतः मॅसॅच्युसेट्सची. मालिका पुढे सुधारली, त्यात या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. डॅनियल्स यांनी लेखक आणि नट यांच्यातली भिंतच ठेवली नाही. लिहिणारेच टेबलांशी बसून कामंही करत. रायन झालेला बी. जे. नोव्हाक, टोबी झालेले पॉल लीबरस्टीन, केली झालेली मिंडी. फिलिस स्मिथ तर पात्रनिवडीच्या कचेरीत काम करणाऱ्या; येणाऱ्या नटांबरोबर त्या समोरची वाक्यं वाचायच्या. त्यांचं ते वाचणंच इतकं आवडलं, की त्यांना मालिकेत घेतलं, आणि पात्राचं नावही फिलिसच ठेवलं.

त्या उन्हाळ्यात मालिका बंद पडेल असंच सगळे धरून चालले होते. एनबीसीने हात राखून दुसऱ्या सीझनचे आधी सहाच भाग मागवले. ऑगस्टमध्ये कॅरेलचा 'द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन' हा चित्रपट आला आणि धो धो चालला. त्यातला अवघडलेला, साधा, मनाने चांगला माणूस लोकांना भावला. डॅनियल्स यांनी तिथून बरोब्बर धडा घेतला. मायकेलचं मूर्खपण तसंच ठेवायचं, पण त्याच्या आत एकटेपणा आणि माया आहे, हे दिसू द्यायचं. केससुद्धा मोकळे सोडले.

२० सप्टेंबरला दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लागला, 'द डंडीज'. लिहिला मिंडी कॅलिंगने, दिग्दर्शन खुद्द डॅनियल्स यांचं. मायकेल दरवर्षी चिलीज नावाच्या रेस्टॉरंटात कर्मचाऱ्यांना बक्षिसं वाटतो. नको असलेली बक्षिसं, नको असलेलं भाषण, त्यात गाणं. सगळे अवघडून बसलेले. मग शेजारच्या टेबलावरची परकी माणसं त्याची टर उडवतात, त्याच्या अंगावर काहीबाही फेकतात. मायकेलचा चेहरा पडतो. आटपतं घेतो म्हणतो. आणि इतका वेळ त्याच्यावर वैतागलेली तीच माणसं टाळ्या वाजवायला लागतात. सुरुवात करते पॅम, रिसेप्शनवरची, थोडी जास्त झालेली. आमच्या साहेबाला आम्ही काय वाटेल ते बोलू, तुम्ही कोण बोलणार? हा भाव कुणाही मराठी घराला शिकवावा लागत नाही. भावकीत कितीही भांडणं असोत, परका बोलला की सगळे एका बाजूला. पॅमला तिच्या पांढऱ्याशुभ्र बुटांचं बक्षीस मिळतं आणि ती लहान मुलीसारखी हरखते. तिथे 'द ऑफिस' माझी झाली.

पुढे नोव्हेंबरात एक भाग आला, ज्यात मायकेल एका मोठ्या गिऱ्हाइकाला जेवायला नेतो. मुख्य कचेरीतून आलेली बाई मुद्द्यावर यायला अधीर, आणि हा आपला विनोद सांगतोय, गप्पा मारतोय, वेळ घालवतोय. शेवटी कंत्राट तोच मिळवतो. हा माणूस साहेब झालाच कसा, हा प्रश्न सहा भाग लोकांना छळत होता. त्याचं उत्तर इथे मिळालं. तो उत्तम विक्रेता होता. माणसं त्याला मनापासून आवडायची. एका जेवणाच्या प्रसंगाने मागचे सगळे भागही वेगळे दिसायला लागले.

त्याच डिसेंबरात एनबीसीच्या मालिका आयट्यून्सवर विकायला आल्या, भागाला १.९९ डॉलर. ऑफिसातली तरुण मंडळी त्या विकत घेऊन नव्या व्हिडिओ आयपॉडवर गाडीत बघायला लागली. नवरा मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी पकडायचा. तो सांगायचा, डब्यात कानात वायर घालून एकटेच हसणारे लोक वाढलेत. सहाचे तेरा, तेराचे बावीस भाग झाले. ऑगस्ट २००६ मध्ये उत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी मिळालं.

आणि २ नोव्हेंबर २००६ च्या गुरुवारी आमच्या टीव्हीवर, इंग्रजीत, भर मोक्याच्या वेळी, 'दिवाली' नावाचा भाग लागला. पुन्हा मिंडीनेच लिहिलेला. केली सगळ्या ऑफिसला दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावते. एव्हाना ती पहिल्या सीझनमधली गप्प मुलगी राहिली नव्हती. बडबडी, नटवी, रायनच्या मागे हात धुऊन लागलेली अशी तिची स्वतःची एक तऱ्हा झाली होती. दिवाळी म्हणजे काय, हे मायकेल तिला विचारतो. ती कपडे आणि नाच यांबद्दल भरभरून बोलते. मूळ कथा मात्र तिला येत नाही. ती सांगतो ऑफिसातलाच ड्वाइट, बीटाची शेती करणारा. राम, रावण, राज्याभिषेक, सगळं बिनचूक. आमच्या मंडळातल्या मुलांची नेमकी हीच गत होती. ते आम्हाला ठाऊक होतं, पण अशा मायेने कुणी ते पडद्यावर दाखवेल असं वाटलं नव्हतं.

कार्यक्रमाचा हॉल बघून तर मी उठून उभीच राहिले. आमची मंडळं शाळेचे हॉल भाड्याने घेतात, तसाच. तेच कागदी तोरण, त्याच घड्या घालून ठेवायच्या खुर्च्या, त्याच जरीच्या ओढण्या. केलीचे आई-वडील म्हणून मिंडीचे खरे आई-वडील उभे. मायकेल समोसा तोंडात घालतो आणि त्याला वाटतं हा 'स्मोर', म्हणजे बिस्किटात चॉकलेट घालून शेकोटीवर करतात तो पदार्थ. ठरवून झालेल्या लग्नाची गोष्ट ऐकून त्याला भरून येतं आणि सगळ्यांदेखत माईकवरून तो आपल्या मैत्रिणीला मागणी घालतो. ती नाही म्हणते. तिला साकारणारी नॅन्सी कॅरेल, खऱ्या आयुष्यातली स्टीव्ह कॅरेलची बायको. कपाळावर कार्डं चिकटवणारा तो साहेब इथे आपल्या दिवाळीत एकटा पडलेला पाहुणा झाला होता, आणि आमचा जीव त्याच्यासाठी तुटत होता. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फराळाच्या वेळी नागपूरच्या मैत्रिणीने विषय काढला. "बाई गं, त्याला कुणीतरी घरी न्यायला हवं होतं जेवायला!"

मायदेश सोडण्यापूर्वी माझी आवडती मालिका होती 'श्रीयुत गंगाधर टिपरे', केदार शिंदे यांची, अल्फा मराठीवरची. दिलीप प्रभावळकरांचे आबा आणि त्यांचं घर माझ्या ओळखीचं झालं होतं. आबा नुसते आत आले तरी हसू यायचं. तीन वाक्यांतला विनोद पहिल्या भागात जमतो; माणसाच्या स्वभावातला विनोद जमायला आधी माणूस ओळखीचा व्हावा लागतो, लिहिणाऱ्यालासुद्धा. १९८९ मधल्या 'साइनफेल्ड'च्या पहिल्या भागात इलेन नव्हतीच! तिच्याशिवाय ती मालिका आज डोळ्यासमोर येईल का? डॅनियल्स यांनीच मायकेल शूर यांच्याबरोबर २००९ मध्ये 'पार्क्स अँड रिक्रिएशन' आणली. तिचेही पहिले सहा भाग फिके. नायिका लेस्ली मायकेलची सावली वाटायची. दुसऱ्या सीझनला तिला कामात हुशार आणि तळमळीची केली, बाकीच्यांना तिच्याविषयी आदर वाटू लागला, आणि मालिका बहरली.

सगळ्याच सुधारतात असं नाही. प्रेक्षक घटले की घाबरून नवी जोडी, पाहुणे तारे, अचानक लग्न असं काहीबाही घुसडतात, त्या मालिका जातात त्या जातातच. हिंदीत 'द ऑफिस' २०१९ मध्ये आली, फरिदाबादच्या विल्किन्स चावला या कागद कंपनीची. मुकुल चढ्ढा साहेब. एकाच वर्षात तिचे दोन्ही सीझन आले. मला ती आवडायला लागली होती. आता पुष्कळदा सीझन आधी पूर्ण चित्रित होतो आणि एका रात्रीत सगळा पडद्यावर येतो; मधे थांबून लोक कशाला हसले, कुठे गप्प बसले, हे बघायला लेखकांना उसंतच नाही. हे मला खरोखर खुपतं.

मुलगी आता 'द ऑफिस' पुन्हा पुन्हा बघते. मैत्रिणींना सांगते, पहिला सीझन सोडूनच द्या. मी तिच्याशी भांडते. सगळा नको, पण दुसरा भाग बघा म्हणावं. तो थोबाडीत खाणारा साहेब बघा. मग लगेच 'डंडीज' लावा, आणि तो कुणी लिहिलाय ते नाव वाचा.