दम किती लागला?

‘मॅडम, चार फेऱ्या मारल्या की बसकण मारतो. आळशीपणा, दुसरं काय!’ सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबद्दल हे ऐकलं की फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा जीव तुटतो. यातल्या अनेक मुलांना चालायला इतरांच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागते. गुडघे वाकलेले, पाय आत वळलेले, पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी ताठ. आपली शतपावली हा त्यांचा जोरदार व्यायाम असतो. पण घरच्यांना हे पटवायचं तर तो जोर मोजूनच दाखवावा लागतो.

वॉकर घेऊन चालणारा सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येतो. हृदयाचे ठोके मोजणारं मनगटावरचं घड्याळ त्याच्या उपयोगाचं नाही. वॉकरची मूठ घट्ट आवळली की मनगट वळतं, घड्याळ सरकतं आणि आकडा भरकटतो. म्हणून छातीला पट्टा, तोही आतून ओला करून. बांधल्यावर त्याला थोडा वेळ निवांत बसू द्यायचं. घाई केली की त्याचं अंग ताठ होतं आणि ठोके चढतात.

२२० मधून वय वजा करायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्या हिशेबाने याचे कमाल ठोके २०४. प्रत्यक्षात अशी बरीच मुलं तिथवर पोहोचतच नाहीत, त्याआधीच पाय साथ सोडतात. मग जीव तोडून चालणारा मुलगा कागदावर ‘मध्यम’ ठरतो, आणि हा मला त्याच्यावर सरळ अन्याय वाटतो. त्याची कमाल त्याच्याकडूनच काढायला हवी. वॉकरवाल्या मुलांसाठी साडेसात मीटरच्या फेऱ्यांची चाचणी आहे. दोन खुणांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची, दर मिनिटाला वेग वाढत जातो.

ठोक्यांइतकाच मी त्याच्या उत्तरालाही मान देते. त्याचं बोलणं चटकन कळत नाही, म्हणून भिंतीवर शून्य ते दहाचा चित्रांचा तक्ता लावलाय. परवा फेऱ्या संपल्यावर ‘दम किती लागला?’ विचारलं. आई पटकन म्हणाली, ‘चार असेल.’ त्याने मान जोरात हलवली, वॉकरवरचा हात सोडवून घ्यायला वेळ घेतला आणि बोट आठावर टेकवलं. पट्ट्याचा आकडाही त्याच्याच बाजूने होता.

आई तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘शाळेत याचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. दोनदा चढ-उतार होते.’ पुढच्या आठवड्यात पट्टा घेऊन त्या जिन्यावर जायचं ठरलंय. वर्ग खाली आणा म्हणून अर्ज करायचाय, त्याला हे आकडे जोडू.