तबकडीतले आप्पा

सांगलीच्या हळद बाजारातील त्या पेढीत जुन्या चोपड्यांच्या कपाटाला वर्षातून एकदाच, दिवाळीच्या आधी, हात लागतो. या वेळी चोपड्यांच्या आड एक डीव्हीडी सापडली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर अक्षरे होती : 'आप्पा, २००७'.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले आणि साठवणुकीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत खिळखिळी झाली. ती विस्मरणात जाऊ नये, म्हणून दोन वर्षांनी नातवाने आप्पांना बोलते करून त्यांचे चित्रण केले होते. पुढे आप्पा गेले. त्यांचा आवाज घरात अन्यत्र कोठेही नव्हता. डीव्हीडी पाहून आक्कांनी एवढेच विचारले, "ऐकायला मिळतील ना रे?"

पेढीच्या संगणकात डीव्हीडी घातली. ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि पडद्यावर 'डिस्क घाला' अशी सूचना उमटली. "डिस्कच गेली," नातवाने निकाल दिला. अण्णा म्हणाले, "रोजमेळ जुळला नाही, म्हणून आपण चोपडी फाडतो का? एकेक नोंद तपासू."

पहिली नोंद जोडणीची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचे नाव दिसत होते, त्यावर पिवळी खूण नव्हती. म्हणजे केबल आणि यंत्रणा ठीक होती. दुसरी नोंद ड्राइव्हची. गाण्यांची जुनी सीडी घातली, ती लागली. नातवाला आपला निकाल पक्का वाटला. अण्णांनी मग बाजारातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी घातली, तीही लागेना! खाचा एकच असला तरी आत प्रकाश दोन असतात. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडी वाचणारा ६५० नॅनोमीटरचा. एक मंदावला तरी दुसरा चालत राहतो. आप्पांच्या डीव्हीडीवरचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

अण्णांनी मऊ सुती कापडाने ती पुसली. मात्र गोल फिरवून नव्हे, तर मध्यापासून कडेकडे सरळ. माहिती सर्पिलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्यातील थोडेसेच खातो आणि ती तूट ड्राइव्ह हिशेबाने भरून काढतो; गोल ओरखडा मात्र सलग मोठा तुकडा गिळतो.

शेजारच्या करसल्लागारांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. संगणकाच्या पुढच्या यूएसबी जोडणीवर तो टिकटिक करून थांबला. मागच्या जोडणीवर लावताच डीव्हीडी उघडली. पुढच्या जोडणीतून त्याला पुरेशी वीज मिळत नव्हती. फाइल दिसली, नक्कल होऊ लागली आणि शेवटाकडे अडली. लेखन मध्यापासून बाहेर जाते. म्हणजे दोष कडेला होता. तेथेच चिकटवलेला कागद उचलला गेला होता, त्यामुळे वेगात फिरताना तबकडी डगमगत असावी. नातू कागद सोलणार, तोच अण्णांनी हात धरला. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूलाच असल्याने कागदाबरोबर तो निघून येतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. पण ओढताना चकत्याच सुटल्या तर सारेच संपले.

मग अडलेले भाग वगळून पुढे जाणारे आणि नंतर मागे येऊन पुन्हा प्रयत्न करणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवले. सकाळी ५२ मिनिटांपैकी ४९ मिनिटे हाती आली. शेवटची ३ गेली.

नातेवाइकांसाठी नव्या डीव्हीडी लिहिताना पहिल्या दोन वाया गेल्या. नातवाने सर्वांत जास्त वेग निवडला होता आणि त्याच वेळी बिलांचे कामही चालू ठेवले होते. वेग चौपटीवर आणला, इतर कामे बंद केली, लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय निवडला आणि शेवटी डिस्क 'फायनलाइझ' केली. नाहीतर टीव्हीजवळचा प्लेअर ती ओळखत नाही. तिसरी पहिल्याच प्रयत्नात लागली.

संध्याकाळी सारे घर टीव्हीसमोर बसले. आप्पा सांगत होते : पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. आक्का पदर मुठीत धरून ऐकत होत्या. पुराचा विषय निघाला. "पाणी ओसरल्यावर पेव उघडलं, तेव्हा..." आणि चित्र थिजले.

कोणीच बोलेना. मग आक्काच म्हणाल्या, "तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरी आले, अंघोळ केली आणि म्हणाले, माल गेला तो आपला गेला. शेतकऱ्यांचे पैसे आधी भागवू. माझ्या पाटल्या त्याच आठवड्यात सराफाकडे गेल्या."

ही गोष्ट अण्णांनाही ठाऊक नव्हती. नातवाने मोबाइल काढून आक्कांसमोर धरला. "आजी, पुन्हा एकदा सांग. अगदी पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी पेढी उघडण्यापूर्वी ते चित्रण आणि आप्पांची ४९ मिनिटे पेढीच्या संगणकावर व वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरली; तिसरी नक्कल पुण्याला आत्याकडे रवाना झाली. कपाटाच्या दाराआड अण्णांनी एक चिठ्ठी लावली : 'दर दिवाळीला चोपड्यांबरोबर या नकलाही उघडून पाहाव्यात.'