माऊसला डोळे हवेत

अहिल्यानगरच्या सावेडीत, घरी बसून मी एका वेबसाइटचं टेस्टिंग करते. माऊस मी नाही, कोड हलवतो. तोच कोड, तीच वेबसाइट. तरी टेस्ट कधी हिरवी, कधी लाल. अशा टेस्टला आम्ही ‘फ्लेकी’ म्हणतो.

यात वेळ जातो, त्याहून जास्त विश्वास जातो. लांडगा आला रे आला! रोज खोटं लाल दिसलं की टीम ‘परत चालव’ म्हणून मोकळी होते, आणि एक दिवस खरा बगही तसाच निसटतो.

नेहमीचा उपाय म्हणजे क्लिकच्या आधी तीन सेकंद थांबायचं. सर्व्हर वेगात असेल तर ते वाया, रखडला तर अपुरे.

महा-ई-सेवा केंद्रात फॉर्म भरणाऱ्या दादाचा हात बघा. तो सेकंद मोजत नाही. बटण दिसू देतो, सरकत असेल तर स्थिरावू देतो, वर पॉपअप आला तर आधी तो बंद करतो. प्लेराइट हे टूलही क्लिकआधी हेच तपासतं: बटण दिसतंय का, सलग दोन फ्रेम्समध्ये जागीच आहे का, क्लिक त्यालाच लागेल का.

मेनूवर मात्र आणखी एक अडचण. दादाचा हात वाटेतून सरकत जातो. कोडचा माऊस, वेगळं सांगितलं नाही तर, एका उडीत पोचतो. वाटेतली हालचाल न मिळाल्यामुळे काही मेनू उघडतच नाहीत. मग त्या उडीचे दहा-वीस टप्पे करून द्यायचे.

आता लाल दिसलं की आमच्याकडे चहा बाजूला राहतो आणि लॉग उघडला जातो.