नदी आटली की गाव उठतं

मैत्रिणींनो, नांदेडला गेलात की गुरुद्वाऱ्याचं दर्शन झाल्यावर घाटावर जरा टेका. समोरची गोदामाई एकटी आलेली नसते. वाटेत तिला प्रवरा भेटलेली असते. त्या प्रवरेकाठी, अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची नांदती वस्ती होती बरं का!

त्या काळचा संसार कसा होता, ते शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीवरच्या इनामगावनं सांगितलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास लोक तिथं राहायला आले. पुढं ऐसपैस चौकोनी घरं झाली. घरात चूल, धान्याचं पेव, कणगीसाठी ओटा आणि तोटीची तांबडी भांडी. शेतात जव, मसूर, वाटाणा. पुराचं पाणी वळवायला त्यांनी चारी खणली, बांध घातला. तान्हं बाळ दगावलं तर दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ते घरच्या जमिनीखालीच पुरीत. आईला ते लांब न्यावंसं वाटत नसेल, दुसरं काय!

इ.स.पू. १००० च्या सुमारास मात्र चित्र पालटलं. पाऊस कमी झाला, नद्यांचं पाणी उणावलं, असं अनेक अभ्यासक मानतात. दायमाबाद ओस पडलं. इनामगावात मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकारीवर भर आला. तरी गाव तीनशे वर्षं तगलं. मग तिथल्याही चुली विझल्या.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. लातूरच्या बहिणींना विचारा. मांजरा आटली, धनेगावचं धरण कोरडं पडलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर! एवढ्या मोठ्या शहराला ते किती पुरणार? इनामगावच्या बाईला अशी गाडी नव्हती. तिला मडकी डोक्यावर घेऊन निघावं लागलं. आपल्याला गाडी मिळाली, पण नदी काही गाडीनं परत येत नाही.

पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मुलांना जरूर न्या. आणि एक ध्यानात ठेवा. मांजरा पुढं कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. लातूरच्या काय नि नांदेडच्या काय, आपण साऱ्याजणी एकाच पाणवठ्याच्या. आपल्या गावाची नदी आज कशी आहे, एकदा जाऊन बघाल ना?