मटका आणि निळा देवदूत

परवा काकांचा फोन. रद्दीपासून वह्या बनवतात ते. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने 'ब्लू एंजल'चा शिक्का मागितला म्हणे. "अरे, आपला मटका नाही का चालत?" (मटका म्हणजे इकोमार्कवरचा माठ हो, आकडा नव्हे!)

जर्मनांचा शिक्का १९७८चा, आपला १९९१चा. नियम २०२४ मध्ये नव्याने आले. अशा योजनांना जोडणारं ग्लोबल इकोलेबलिंग नेटवर्क १९९४ पासून आहे, आयएसओ १४०२४ मुळे पद्धतही सारखी झाली. पण निकष ज्याचे त्याचे. प्रोटोकॉल एक, डेटा वेगळा... आमच्या धंद्यात रोजचंच! दोन योजनांनी आपसात मान्य केलं, तरच एकाची तपासणी दुसऱ्याकडे चालणार.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "खर्च किती येईल, तेवढं बघून ठेव."