चुकली तर पुढची कधी?

२०२५ मधले एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने मी कामानिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टला होतो. "युरोपात सहा महिने! मज्जा आहे बुवा एका माणसाची" असं म्हणणाऱ्या समस्त नातेवाइकांसाठी आधीच सांगून टाकतो: सोमवार ते शुक्रवार मी युरोप बिरोप काही पाहिलेला नाही. सकाळी साडेसातला हापिस, साडेअकराला (हो, साडेअकराच!) जेवणाची सुट्टी, संध्याकाळी खोलीवर येऊन कुकर लावणे आणि भांडी घासणे. मिरजेत असतो तर आईने निदान भांडी तरी घासू दिली नसती.

त्यात आमच्या इमारतीत 'केरवोखं' नावाचा प्रकार होता. दाराला एक पाटी येऊन लटकली, की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. जर्मनमध्येही 'केर'चा संबंध झाडण्याशीच आहे हे कळल्यावर मला ती भाषा एकदम जवळची वाटायला लागली. :)

रविवारी दुकानं बंद. दूध, भाजी, तांदूळ जे काय असेल ते शनिवारपर्यंत आणायचं. म्हणजे विकांताला कुठे जायचं ठरवताना तीन गोष्टींचा मेळ घालायचा: केराची पाळी, वाणसामान आणि गाड्या. हा मेळ मी गुरुवारी रात्री घालत असे. खरं सांगू? आठवड्यातला तो सगळ्यात आनंदाचा तास असायचा. टेबलावर चहा, समोर नकाशा, आणि या गाडीतून उतरून त्या गाडीत कसं बसायचं याची जुळवाजुळव. एकटं राहणाऱ्या माणसाला तेवढीच सोबत.

माझ्याकडे 'डॉइचलांड टिकेट' होतं. हे मासिक तिकीट १ मे २०२३ ला ४९ युरोंत सुरू झालं, २०२५ मध्ये त्याचे ५८ युरो पडत. त्यात देशभरातल्या जवळच्या पल्ल्याच्या गाड्या, लोकल, ट्राम, बस सगळं चालतं. जलद गाड्या मात्र नाहीत. त्यामुळे आपला प्रवास दर स्टेशनावर थांबत, दोन-तीनदा गाडी बदलत. मला ते आवडायचं. ट्युबिंगनला नदीकाठी नुसता बसून आलो. उल्मला जाऊन १६१.५ मीटर उंचीचं चर्च मान मोडेपर्यंत पाहिलं. तेव्हा ते जगातलं सगळ्यात उंच चर्च होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने त्याला मागे टाकलं. म्हणजे मी अगदी वेळेवर जाऊन आलो म्हणायचं.

आता मुद्द्यावर येतो.

जूनमधल्या एका शनिवारी ट्रिबर्गला गेलो होतो. ब्लॅक फॉरेस्टमधलं गाव, १६३ मीटरचा, टप्प्याटप्प्यांनी उतरणारा धबधबा. दर शनिवारी घरी फोन करायची माझी वेळ ठरलेली होती. तिकडचे रात्रीचे आठ, म्हणजे इकडचे दुपारचे साडेचार. त्या दिवशी फोटो काढता काढता साडेचारला पाहिलं तर फोनची बॅटरी ४ टक्के. आणि तिकीट फोनमध्ये! परतीच्या गाडीत तपासनीस आला तर काय दाखवणार? मी फोन बंद करून खिशात टाकला. म्हटलं, खोलीवर जाऊन बोलू.

परतीला कार्ल्सरूहला गाडी बदलायची होती आणि मध्ये मी फक्त ६ मिनिटं ठेवली होती. पहिली गाडी १० मिनिटं उशिरा पोचली. पुढे तासभर फलाटावर. खोलीवर आलो तेव्हा अकरा वाजले होते, म्हणजे मिरजेत पहाटेचे अडीच. आता कशाला उठवा, म्हणून झोपलो. गंमत म्हणजे तिकीट कुणी तपासलंच नाही.

रविवारी सकाळी आईचा फोन. "काल संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखत होतं. दवाखान्यात नेलं. रात्रभर ठेवून घेतलं होतं. आता बरे आहेत, काळजी करू नकोस."

ईसीजी वगैरे सगळं ठीक निघालं. पित्त होतं म्हणाले. पण ते कळेपर्यंतची रात्र त्या दोघांनी आणि शेजारच्या काकांनी काढली. आईने मला सात वेळा फोन लावला होता. मी ती ४ टक्के बॅटरी तिकिटासाठी जपून ठेवली होती. हे मी आईला तेव्हा सांगितलं नाही. (आता वाचेलच.)

मग बाबा फोनवर आले. मला वाटलं तब्येतीचं बोलतील. तर म्हणाले, "काय रे, कोणत्या गाडीत होतास तू? काहीच माहीत नाही आम्हाला. दवाखान्यात पडल्या पडल्या तोच विचार करत होतो."

मी काय बोलणार?

त्या गुरुवारपासून मी विकांताचा बेत बाबांना पाठवायला लागलो. आमचे बाबा म्हणजे गाडीच्या वेळेआधी दीड तास स्टेशनात नेऊन बसवणारे गृहस्थ. लहानपणापासून आम्ही भावंडांनी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. पण माणूस मिरज जंक्शनचा. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही गाड्या एकाच गावात पाहत मोठा झालेला. जर्मन रेल्वेचं संकेतस्थळ इंग्रजीत मिळतं, त्यात फलाट क्रमांकापासून उशिरापर्यंत सगळं दिसतं, हे कळल्यावर त्यांनी बेत नुसता वाचायचं बंद केलं आणि दुरुस्त करायला घेतला.

पहिली दुरुस्ती: "गाडी बदलायला २० मिनिटांच्या खाली ठेवायची नाही." श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनात २०१० पासून बांधकाम चालू होतं, फलाटापर्यंत लांब वळसा घालून चालावं लागायचं, तेव्हा यात तथ्य होतंच. दुसरी दुरुस्ती: प्रत्येक गाडीपुढे एक नवीन रकाना. 'चुकली तर पुढची कधी?' आणि तिसरी: साडेचार वाजता मी गाडीत नसलो पाहिजे. बोगद्यात फोन कटतो.

मी इतके दिवस जास्तीत जास्त गावं बसतील असा बेत करत होतो. बाबांच्या बेतात एक गाव कमी असायचं. पण त्या २० मिनिटांत मी फलाटावर बसून डबा खायचो, आजूबाजूची माणसं बघायचो. दीड तास आधी स्टेशनात जाऊन बाबा काय करत असतील, ते मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

सप्टेंबरमधल्या शेवटच्या विकांताची सहल पूर्ण त्यांचीच होती. ऑफेनबुर्गहून ट्रिबर्गवरून थेट कॉन्स्टान्झ, तळ्याकाठी. १८७३ साली पूर्ण झालेला हा घाटाचा रेल्वेमार्ग. चढ सोपा व्हावा म्हणून रूळ डोंगरात वळसे घेत जातात, ३९ बोगदे आहेत. बाबा मिरजेत संगणकावर गाडी बघत बसले होते. हाउझाखला त्यांनी 'हौसाबाई' करून टाकलं होतं. "हौसाबाई सोडली का? आता डावीकडे बस, दरी तिकडे दिसेल," असा निरोप आला. दरी खरंच डावीकडे होती की नाही ते सोडा. मी डावीकडे बसलो.

साडेचारला तळ्याकाठच्या बाकावरून फोन लावला. बॅटरी ६० टक्के. पहिला प्रश्न: "परतीची चुकली तर पुढची कधी?" मी सांगितली. "बरोबर," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

परत आल्यावर त्यांची वही पाहिली. प्रत्येक सहल पेन्सिलीने आखलेली, रकान्यांसकट. मी गेलो ती गावं आणि मी न गेलेलीही. शेवटच्या पानावर मात्र जर्मन नाव नव्हतं. मिरज, लोंढा, कॅसल रॉक, कुळे. पुढे लिहिलं होतं, 'दोघं'.

गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत. किती वाजता स्टेशनात जायचं ते विचारलेलं नाही. ते सांगतील तेव्हा निघायचं.